दोष माझ्यात, आणि मी ठणठणीत: चिऊच्या जनुक तपासणीचे सतरा महिने

गेल्या महिन्यात पुण्यात दवाखान्याच्या बाकावर शेजारी एक बाप बसला होता. मांडीवर झोपलेलं पोर, हातात फाइल. माझी फाइल त्याच्या दुप्पट जाड, म्हणून असेल, त्याने विचारलं, "दादा, एक्सोम म्हणजे काय हो? पंचवीस हजार सांगतायत." नंबर लागेपर्यंत जमेल तेवढं सांगितलं. जे राहिलं ते इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही. कराडात एका पतसंस्थेत हिशेब लिहितो. त्यामुळे तारखा आणि रकमा बरोबर असतील एवढी खात्री देतो. औषधाचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

४ सप्टेंबर २०२२. गौरी जेवणाचा दिवस. चिऊ नऊ महिन्यांची होती. सकाळपासून अंग कोमट होतं, दुपारी ताप १००.६. बाहेर बायकांची फुगडी चाललेली आणि आत चिऊ एकदम किंचाळली. भूक लागल्यावर रडते तसं नव्हे. डोळे विस्फारलेले, नजर दाराच्या कोपऱ्यात, आणि अंगावर कुणी धावून येतंय असं समजून मागे सरकायला बघत होती. मग ओठ निळसर झाले, हातपाय ताठले, झटके सुरू झाले. दीड मिनिटात थांबलं. आम्ही रिक्षात बसेपर्यंत दुसरा फीट आला. दोन दिवसांत अकरा.

दवाखान्यात निदान झालं, तापातली आकडी. मोठी झाली की जाईल, ताप चढू देऊ नका. तीन दिवसांचं बिल १८,४००, ते मेडिक्लेममध्ये कॅशलेस झालं. घरी आल्यावर मात्र वेगळाच दवाखाना सुरू झाला. कुणी अंगारा आणला, कुणी म्हणालं तिला काहीतरी दिसतं. आत्याने माझ्या बायकोला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या माहेरी कुणाला होतं का गं?" बायको नाही म्हणाली. आत्याने तीन वेळा विचारलं. माझी आई स्वयंपाकघरात भांडी विसळत होती, ती काहीच बोलली नाही. हे मला तेव्हा जाणवलंही नाही.

नोव्हेंबरात साध्या सर्दीवर पुन्हा तेच. ताप जेमतेम ९९.५, आणि दीड दिवसात चौदा फीट. मग सात-आठ आठवडे एकही नाही. जानेवारीत परत. तेव्हापासून मी वही सुरू केली. आमच्या धंद्यात रोजच्या नोंदीच्या वहीला कीर्द म्हणतात, तिलाही तेच नाव पडलं. वेळ, किती सेकंद, आधी किंचाळली का, ताप किती, कोणतं औषध चुकलं. शेजारी व्हिडिओचा नंबर. पुढे ज्यांनी ज्यांनी चिऊला तपासलं त्यांनी आमच्या बोलण्यापेक्षा या वहीवर आणि व्हिडिओवर जास्त भरवसा ठेवला. व्हिडिओ काढताना मोबाइल आडवा धरा, चेहरा आणि चारही हातपाय दिसू द्यात, आणि मोठ्याने वेळ बोला. हात थरथरतात, पण तरी काढा.

लहान मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ आमच्याकडे नाहीत. पुण्यातली वेळ पाच आठवड्यांनी मिळाली, २१ मार्च २०२३. पहाटे साडेतीनची गाडी, खंबाटकी घाटात चिऊला उलटी, नऊला पोचलो, सव्वाबाराला आत गेलो. फी १,२००. डॉक्टरांनी कीर्द पहिल्या पानापासून वाचली आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही साधी तापातली आकडी नाही. दोन, "गोंधळ घालणारा एक आजार आहे, ड्रावे नावाचा. त्यातही तापात फीट येतात. पण ते बहुधा लांबतात. हिचे आखूड आहेत आणि झुंडीने येतात. शिवाय ते किंचाळणं." तेव्हा त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेला मेंदूचा आलेख (२,८०० रुपये), झोपेत करायचा असतो, म्हणून आदल्या रात्री मुलाला उशिरापर्यंत जागवायला सांगतात. आम्ही बारापर्यंत जागवलं आणि ती गाडीत झोपली, सगळं मुसळ केरात. त्यामुळे प्रवास असेल तर आदल्या दिवशीच जाऊन राहा. आणि डोक्याला तेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. लावायचा तो मलम निघायला दोन आंघोळी लागल्या. एमआरआय भूल देऊन, ९,५०० रुपये. रिपोर्ट नॉर्मल. मला आनंद झाला, डॉक्टरांना झालेला दिसला नाही. लेव्हेटिरासिटामचं सिरप सुरू झालं. झुंडी कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत.

सप्टेंबरमध्ये सव्वीस फिटांची झुंड आली, चार दिवस अतिदक्षता विभाग. मग डॉक्टरांनी जनुक तपासणीचं नाव काढलं.

आपल्यात सुमारे वीस हजार जनुकं आहेत. जनुक म्हणजे प्रथिन कसं बनवायचं त्याची कृती. एक्सोम तपासणीत या सगळ्या कृती वाचतात आणि कुठे अक्षर चुकलंय ते शोधतात. फक्त फीटशी संबंधित निवडक जनुकांची तपासणीही असते, ती थोडी स्वस्त पडते. आम्हाला फरक तीन हजारांचा सांगितला, म्हणून एक्सोमच केली. २४,००० रुपये. त्याआधी समुपदेशकांशी पाऊण तास बोलणं. त्यांनी कागदावर वंशवृक्ष काढला: पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आजारी असेल तर आकृती काळी भरायची. "कुणाला फीट, आकडी, मतिमंदत्व, अचानक मृत्यू?" मी म्हणालो, कुणाला नाही. बायको म्हणाली, नाही. माझी आई बाहेर चिऊला घेऊन बसली होती, तिला आत बोलवावं असं कुणाला सुचलं नाही. तुम्ही बोलवा. घरातली सगळ्यात म्हातारी बाई त्या खोलीत असायलाच हवी.

संमतीपत्र चार पानी. त्यात एक प्रश्न असतो की ज्यासाठी तपासणी करतोय त्याव्यतिरिक्त काही गंभीर सापडलं, उदाहरणार्थ कर्करोगाचा धोका, तर तुम्हाला कळवायचं का? आम्ही दहा मिनिटं एकमेकांकडे बघत बसलो आणि "हो" वर खूण केली. घरूनच विचार करून गेलात तर बरं. मुलाला पूर्वी रक्त चढवलं असेल तर तेही सांगा.

१६ ऑक्टोबर २०२३ ला जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं. चार ते सहा आठवडे लागतील म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात फोन आला की नमुन्यातून डीएनए पुरेसा निघाला नाही, पुन्हा रक्त द्या. पैसे लागणार नाहीत, पण पुन्हा पहाटेची गाडी, पुन्हा रजा. मी फोनवर जरा चढ्या आवाजात बोललो. पलीकडच्या मुलीचा काही दोष नव्हता. ती म्हणाली, "काका, तुमच्या गावात आमचा माणूस येऊन घेईल." हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं! विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी घरी येऊन रक्त नेतात.

रिपोर्ट १४ डिसेंबरला ईमेलवर आला. पतसंस्थेत, दुपारी, काउंटरवर रांग असताना. मी उघडायला नको होता. पहिल्याच पानावर चौकट: जनुक पीसीडीएच-१९, एक्झॉन १, हेटेरोझायगस, लाइकली पॅथोजेनिक. आजार: डेव्हलपमेंटल अँड एपिलेप्टिक एन्सेफॅलोपॅथी ९. ते शेवटचं मी गूगलवर टाकलं आणि रात्री जेवलो नाही. समुपदेशनाची वेळ ठरल्याशिवाय रिपोर्ट पाठवू नका, असं आधीच सांगता येतं. मला माहीत नव्हतं.

पुढचं सगळं मला हळूहळू कळलं, पण इथे एकत्र लिहितो. हेटेरोझायगस म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत बिघाड. लाइकली पॅथोजेनिक म्हणजे बहुधा आजार घडवणारा. आजाराच्या त्या लांबलचक नावाचा अर्थ, फीट आणणारा आणि वाढीवर परिणाम करणारा मेंदूविकार. पीसीडीएच-१९ म्हणजे प्रोटोकॅडहेरिन-१९. कॅडहेरिन घराण्यातली प्रथिनं पेशींच्या बाहेरच्या अंगाला असतात आणि शेजारच्या पेशीला धरून ठेवतात. हे प्रथिन मुख्यतः मेंदूतल्या पेशींमध्ये असतं. कोणत्या पेशीने कुणाशेजारी बसायचं आणि कुणाशी जोडणी करायची, यात त्याचा हात असतो. प्रथिनाचा बाहेर येणारा, पकड घेणारा सगळा भाग पहिल्या एक्झॉनमध्ये, म्हणजे जनुकाच्या पहिल्या तुकड्यात, लिहिलेला असतो. बहुतेक बिघाड तिथेच सापडतात, चिऊचाही तिथलाच. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे.

निकाल लाइकली पॅथोजेनिक आला, की तो बिघाड मुलात नव्याने झाला की आईबापांकडून आला हे बघतात. दोघांचं रक्त, प्रत्येकी ४,५००. आत्याच्या प्रश्नानंतर बायकोने सव्वा वर्ष माहेरच्या एकेका माणसाची चौकशी केली होती. कुणाची आजी चक्कर येऊन पडली, कुणाचा चुलता दारू पिऊन. ती रक्त द्यायला निकालाला उभं राहिल्यासारखी गेली.

९ फेब्रुवारी २०२४. आई: निगेटिव्ह. वडील: पॉझिटिव्ह, हेमिझायगस. म्हणजे माझ्या एकुलत्या एक्सवर तोच बिघाड.

मला आजवर एकही फीट आलेला नाही. ट्रेकिंगला जातो, हिशेब तोंडी करतो. रिपोर्ट घेऊन आमच्याकडच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "बापालाही आहे आणि बाप धडधाकट. म्हणजे हा बिघाड निरुपद्रवी. पैसे पाण्यात गेले, दुसरं काहीतरी शोधा." ऐकायला इतकं तर्कशुद्ध वाटलं की मी दोन आठवडे तेच धरून बसलो. पीसीडीएच-१९ चा रिपोर्ट हातात असलेल्या कुणालाही हे वाक्य ऐकावं लागेल, म्हणून सांगतो: या जनुकात ते वाक्य चूक आहे.

२४ फेब्रुवारीला समुपदेशकांनी नीट समजावलं. पुरुषाकडे एक्स एकच. त्यात बिघाड असेल तर त्याच्या सगळ्याच पेशींत ते प्रथिन नसतं. मुलीकडे दोन एक्स, आणि प्रत्येक पेशी त्यातला एक बंद करून टाकते, कुठला ते जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखं. म्हणून चिऊच्या मेंदूत काही पेशींत प्रथिन आहे, काहींत नाही. त्या म्हणाल्या, "फुगडी बघितलीत ना? सगळ्यांनी एकच पकड धरली तर फुगडी रंगते. सगळ्यांनी दुसरीच एखादी धरली तरी रंगते. निम्म्या एक धरतात, निम्म्या दुसरी, तेव्हा हात सुटतात." सरमिसळ हाच आजार. शास्त्रज्ञांचा कल सध्या या स्पष्टीकरणाकडे आहे. याला पुष्टी देणारी गोष्ट म्हणजे ज्या थोड्या मुलग्यांना हा आजार होतो, त्यांच्यात बिघाड गर्भात मागाहून झालेला असतो, म्हणजे त्यांच्यातही दोन तऱ्हांच्या पेशी असतात.

गौरीच्या दिवशीची फुगडी मला आठवली. त्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं.

त्यांनी हेही सांगितलं की फक्त बायकांना फीट येणारं आणि धडधाकट पुरुषांतून पुढे जाणारं एक अमेरिकन घराणं १९७१ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. जनुक सापडायला २००८ उजाडलं. सदतीस वर्षं लोकांना एवढंच माहीत होतं की काहीतरी उलटं चाललंय. एरवी एक्सवरचे आजार मुलग्यांना गाठतात, हा मुलींना गाठतो.

त्या भेटीआधीची एक रात्र सांगायची राहिली. माझा रिपोर्ट आला तेव्हा मी आईला एवढंच म्हणालो, "माझ्याकडून आलंय. माझा एक्स तुझ्याकडून येतो." ती चिऊचे कपडे घडी करत होती. एक झबलं तिने तीनदा उलगडलं आणि तीनदा घडी केलं. मग म्हणाली, "धाकट्या मावशीला यायची." धाकटी मावशी आजोबांकडेच राहिली, लग्न झालं नाही, आम्ही तिला भोळी म्हणायचो. वारली त्याला बारा वर्षं झाली. मी विचारलं, आधी का नाही बोललीस? "आणि मलाही यायची. सातवीत थांबली. तुझ्या बाबांनाही कधी कळलं नाही. तुझ्या आजोबांनी, अण्णांनी, शपथ घातलेली, नाहीतर लग्नं झाली नसती तिघींची." दाराशी माझी बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती आईला काही बोलली नाही आणि दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही. ते मला रास्तच वाटलं.

समुपदेशकांकडे या वेळी आईला आत नेलं. वंशवृक्ष नवा काढला. माझ्या चौकोनात एक ठिपका: बिघाड आहे, त्रास नाही. मावशीचा गोल काळा केला. आईने स्वतःच्या गोलावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कोरा का?" त्या म्हणाल्या, तुमचं रक्त तपासलेलं नाही. "फीट तर आलेले ना? मग भरा." त्यांनी भरला. आजोबांकडून आलं की आजीकडून, ते आता कळायचा मार्ग नाही, दोघंही नाहीत. मोठ्या मावशीला कधीच त्रास नव्हता. याचा अर्थ तिच्यात बिघाड नाही असं नव्हे. बिघाड असलेल्या बहुतेक मुलींना त्रास होतो, पण सगळ्यांना नाही आणि सारखा तर नाहीच. तिच्या मुलाला आणि दोन मुलींना कळवणं माझ्याकडे आलं. समुपदेशक नातेवाइकांसाठी एक साधं पत्र लिहून देतात, ते मागून घ्या. मी पत्र व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि मग फोन केला. एकीने आभार मानले. दुसरी म्हणाली, "आमच्या घरात असलं काही नाही," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या मुलाचा विषयही निघाला. माझा एक्स माझ्या प्रत्येक मुलीला जाणार, मुलाला कधीच नाही. म्हणजे आमच्या बाबतीत गर्भाची जनुक तपासणी ही उघडउघड लिंगतपासणीच. १९९४ चा कायदा लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भतपासणीला परवानगी देतो, पण लिंग सांगायला बंदी घालतो. या दोन गोष्टी आमच्यासारख्यांत कशा बसवायच्या, ते अशा केंद्रातल्या वैद्यकीय आनुवंशिकी तज्ज्ञांशी, गर्भ राहायच्या आधी बोलायचं असतं. आम्ही तूर्त तो विषय कपाटात ठेवला आहे.

मेडिक्लेमने जनुक तपासणीचे ३३,००० नाकारले. शेरा: "दाखल न होता केलेली निदानात्मक तपासणी." मी अपील केलं, दोन महिन्यांनी तेच उत्तर आलं. दाखल असतानाच रक्त घेतलं असतं तर कदाचित मिळाले असते. सप्टेंबरच्या त्या चार दिवसांत घेता आलं असतं, याची हळहळ अजून आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी डॉक्टरांना तेव्हाच विचारावं. प्रयोगशाळेकडून कच्चा डेटाही मागून घ्या. आमच्याकडे पेन ड्राइव्ह न्यायला सांगितला. पुढे कधी पुन्हा वाचायची वेळ आली तर रक्त द्यावं लागत नाही.

मग एवढं करून मिळालं काय? औषध जादूने सापडलं नाही. या बिघाडावर नेमका इलाज आज नाही. पण डॉक्टरांनी क्लोबाझाम जोडलं. या आजाराच्या रुग्णांच्या एका पाहणीत क्लोबाझाम आणि ब्रोमाइड या दोन औषधांचा गुण जास्त दिसला होता म्हणाल्या. मार्चपासून तीन झुंडी आल्या, सगळ्यात मोठी नऊची. पुन्हा एमआरआय करायचा का, हा प्रश्न संपला. बऱ्याच मुलींचे फीट वयात येताना कमी होतात, हे ऐकून आई म्हणाली, "सातवी." बोलणं उशिरा येतंय, त्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा-उपचार सुरू केले. ते मोफत आहेत. बाहेर एका बैठकीचे ६०० घेत होते आणि शिकवण्यात मला तरी फरक दिसला नाही. सोबत जन्मदाखला, आधार, डिस्चार्ज कार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. तिथलं झेरॉक्सचं दुकान एकला जेवायला बंद होतं.

आत्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग चहा टाकायला उठली. बायकोला तिने अजून काही म्हटलेलं नाही.

जूनमध्ये चिऊ बालवाडीत जायला लागली. प्रवेशअर्जात "काही आजार?" असा रकाना होता. बायको म्हणाली खरं लिही, मी लिहिलं. दोन बालवाड्यांनी जागा भरल्याचं सांगितलं, तिसरीच्या बाईंनी मोबाइलवर व्हिडिओ मागितला, दोनदा बघितला आणि विचारलं, "मी नेमकं काय करू?" कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल काही नाही, घड्याळ बघा, पाच मिनिटं झाली किंवा एकामागून एक यायला लागले की नाकात मिडाझोलामचा स्प्रे. किती फवारे ते डॉक्टरांच्या सहीच्या कागदावर आहे. बाईंनी तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. स्प्रे वरच्या फळीवर, पेन्सिलीच्या डब्यात. त्याची मुदत नोव्हेंबरअखेर संपते, नव्याची चिठ्ठी घ्यायची आहे.